दुपारचं शिंग

माझ्या एका वाक्यानं एक निरपराधी माणूस तुरुंगात गेला. आणि दुसरा, ज्याच्याइतका खरा माणूस मला पुन्हा भेटला नाही, तो नोकरी आणि गाव दोन्ही सोडून गेला. वाक्य तीन शब्दांचं होतं. 'शिंग वाजलं नाही.' पहिल्यांदा ते बोललो तेव्हा मी घाबरलेला होतो, सदऱ्यावर दुसऱ्याचं रक्त होतं, आणि मला जे वाटलं ते मी सांगितलं. दुसऱ्या वेळी मात्र मी पुरता शुद्धीवर होतो आणि खरं काय ते मला ठाऊक होतं. गेली बारा वर्षं मी स्वतःशी नाना तऱ्हांनी वाद घातला आहे. एकदाही जिंकलो नाही.

लिहायचं आहे ते त्या दुसऱ्या माणसाविषयी. पण त्यांच्याविषयी लिहायला बसलं की मी मध्ये येतोच. त्याला इलाज नाही.

निपाणीहून संकेश्वरकडे जाताना लागणाऱ्या एका मोठ्या गावातल्या शाळेत ते शास्त्र आणि गणित शिकवत. मी खानापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा. मराठी शिकवायला तिथं नवीनच लागलो होतो. पोरं त्यांना कानमास्तर म्हणत. नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. न जाऊन कसं चालेल? "कान आहेत म्हणून कानमास्तर. तुम्हाला तोंडमास्तर म्हणत नाहीत ना, मग झालं," असं ते मला म्हणाले होते. विनोद करताना त्यांचा चेहरा हलत नसे, त्यामुळे हसावं की नाही हे मला कधीच कळलं नाही.

उंच, वाळलेला देह. डोक्याला काळी टोपी, अंगात विटलेला कोट, आणि कोटाच्या डाव्या खांद्यावर टाचणीनं लावलेला रेशमाचा एक सुटा धागा. तो धागा वारा बघायला. उघड्यावर कुणाशी बोलायचं असेल तर ते आधी धाग्याकडे बघत, मग त्या माणसाला वळसा घालून वारा आपल्या पाठीशी घेत, आणि तेव्हा प्रश्न विचारत. प्रश्न विचारून झाला की पुन्हा वळसा घालून पलीकडे जात, म्हणजे उत्तर वाऱ्याबरोबर त्यांच्याकडे येई. बाजारात एक भाजीवाली त्यांच्या या फेऱ्यांना कंटाळून ओरडली होती, "मास्तर, एका जाग्याला ऱ्हावा की वो! प्रदक्षिणा कशाला घालालासा? मी काय अंबाबाई हाय व्हय?" सगळा बाजार हसला. मास्तरांनी वांगी घेतली, तिला म्हणाले, "तू इतकं स्पष्ट बोललीस, कारण मी बरोबर जागी उभा होतो," आणि निघून गेले.

दुपारी ते कुणालाही हाक मारत नसत. शाळेच्या अंगणात शिपाई पलीकडच्या टोकाला दिसत असला तरी उन्हातून चालत त्याच्यापाशी जात आणि हळू आवाजात काम सांगत. "उन्हात हाक मारू नये. आभाळ ऐकतं, माणूस ऐकत नाही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य भांडणं सोडवताना येई. वर्गात एक पोरगा म्हणायचा मी सांगितलं होतं, दुसरा म्हणायचा मला कुणी सांगितलंच नाही. मास्तर छडी उचलत नसत. "ऐकू आलं नाही म्हणजे बोललंच नाही, असं कुणी शिकवलं तुला?" एवढंच विचारत.

त्यांच्या शिकवण्यातला एक तास मी बाहेर उभं राहून ऐकला होता. आवाज सरळ का जात नाही, हा विषय.

"बैलगाडी पक्क्या सडकेवरनं चाललीय. डावं चाक चिखलात गेलं. गाडी कुठं वळंल?"

"चिखलाकडं, मास्तर!"

"का?"

"त्ये चाक मागं ऱ्हातंय की."

"हां. तापलेली हवा ही आवाजाची पक्की सडक. तिच्यात तो पळतो. गार हवा म्हणजे चिखल. तिथं तो सावकाश. आता सांगा, दुपारी जमीन कशी?"

"भाजून निघती!"

"आणि वरची हवा?"

"गार."

"मग आवाजाचं खालचं चाक सडकेवर आणि वरचं चिखलात. आवाज वळणार कुठं?"

पोरांनी माना वर केल्या. चाळीस पोरं शाळेच्या कौलांकडे बघत होती. मास्तरही बघत होते. "आणि दिवस मावळला की उलट. जमीन आधी निवते. मग आवाज खाली वाकतो आणि लांबलांबचा येऊन आपल्या दारात उतरतो."

हे दारात उतरणारे आवाज म्हणजे त्यांचे पाहुणे. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांच्या घरचा जैन रिवाज. जेवून हात धुतले की ते शाळेच्या गच्चीवर जात, भिंतीला टेकून बसत आणि वाट बघत. मी त्यांच्या शेजारच्याच खोलीत राहायचो, त्यामुळे पुष्कळदा मीही जाऊन बसे. ऊन उतरे, तंबाखूच्या वखारींचा उग्र वास जरा निवे, आणि मग खरंच एकेक आवाज यायला लागे. टेकडीवरच्या देवळातली घंटा. मोठ्या रस्त्यावरून चाललेली एखादी मोटार. कुठल्या तरी लांबच्या मळ्यातली मोट, तिची कुरकुर. असा एखादा आवाज उमटला की मास्तर डोळे मिटून हळूच म्हणत, "हौदु." त्यांच्या घरात कानडी बोलत. एरवी ते माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलायचे, पण आवाजाला ओ द्यायची ती कानडीत. होय, आलास, एवढाच त्याचा अर्थ. मग कंदिलाच्या उजेडात वहीत नोंद. वेळ, वारा, खालचा उष्मा, वरचा उष्मा, आवाज, अंतर. दोन उष्णतामापक त्यांनी पदरमोड करून आणले होते. एक जमिनीपाशी, दुसरा उंच कळकाच्या टोकाला.

मी एकदा विचारलं, "हे सगळं कशासाठी?"

"तुम्ही शब्द कशासाठी जमवता?"

"कविता कळाव्यात म्हणून."

"मग? मलाही काहीतरी कळावं म्हणूनच."

त्यांचं बायको-मुलांचं कुणी नव्हतं. गावात त्यावर गोष्टी होत्या, सगळ्या एकमेकींशी न जुळणाऱ्या. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. होळीच्या सुमारास गावाबाहेर आप्पांच्या मळ्यात विहीर खोदायला सुरुवात झाली. आप्पा म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे बागाइतदार आणि शाळेच्या कमिटीवरचं वजनदार माणूस. दोन पुरुष खोल गेल्यावर काळा पाषाण लागला आणि सुरुंग लावणं सुरू झालं. आमच्याकडे रिवाज असा की वात पेटवायच्या आधी शिंग फुंकायचं. तीनदा. ते ऐकून आसपासच्या रानातल्या माणसांनी झाडाआड, बांधाआड व्हायचं. हे काम बाळाप्पाचं होतं. गावच्या जत्रेत पालखीपुढं शिंग फुंकण्याचा मान त्याच्या घराण्याचा. त्यामुळे सुरुंगाच्या वेळीही लोक त्यालाच बोलावत. छाती अशी, की शिंग त्याच्या हातात पोराच्या पिपाणीसारखं दिसे.

मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात मला गाठलं. "उद्या सुट्टी आहे. माझ्याबरोबर चला. वही तुम्ही धरा, मला चढायचं-उतरायचं आहे."

भर दुपारी आम्ही मळ्यात गेलो. बाळाप्पा विहिरीच्या काठावर उभा राहिला. मास्तरांनी त्याला सांगितलं, "मी फडकं वर केलं की फुंकायचं." बाळाप्पा हसून म्हणाला, "फुंकतो की मास्तर, देवासाठी फुंकतो, सुरुंगासाठी फुंकतो, तुमच्यासाठी न्हाय व्हय फुंकायचा?" मग आम्ही पश्चिमेकडे चालू लागलो. वारा समोरून, पश्चिमेकडूनच येत होता, म्हणजे आमच्यावरून विहिरीकडे जात होता. शंभर पावलांवर शिंग खणखणीत होतं. दोनशे पावलांवर जरा जाड. तीनशे पावलांवर, कुठं तरी कुणी घागरीत तोंड घालून बोलावं तसं. चारशे पावलांवर आम्ही एका आंब्याखाली थांबलो. मास्तरांनी फडकं वर केलं.

मला ते अजून दिसतं. बाळाप्पानं शिंग वर उचललं. त्याची मान मागे गेली, गाल फुगले, छाती वर आली. आणि काही नाही. पानांची सळसळ होती, एक होला कुठं तरी घुमत होता, बाकी काही नाही. माणूस जिवाच्या करारानं शिंग फुंकतो आहे आणि जग मुकं आहे. उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

"आता झाडावर चढा," मास्तर म्हणाले.

मी आंब्याच्या वरच्या फांदीवर गेलो. पुन्हा फडकं, पुन्हा शिंग. आणि ते आलं! बारीक, पण स्वच्छ, तीनही वेळा. खाली उतरलो तर पुन्हा नाही. मास्तर खालून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा तो कधी न हलणारा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "उष्म्यानं तो वर उचलला जातो. त्यात वारा विरुद्ध. खाली बांध-झाडं वाऱ्याला अडवतात, वर तो मोकळा सुटतो, म्हणून आवाजाचं डोकं मागं ढकललं जातं आणि पाय पुढं येतात. असा मागं रेललेला माणूस कुठं बघेल? आभाळाकडंच. आपल्या डोक्यावरनं गेलं ते. लिहा."

मी लिहिलं. 'आंब्याखाली, चारशे पावलांवर, शिंग फुंकलेले डोळ्यांनी पाहिले, ऐकू आले नाही. फांदीवरून ऐकू आले.' खाली त्यांनी मला सही करायला लावली.

तिथून ते तडक आप्पांच्या वाड्यावर गेले. मी मागे. आप्पा पान लावत बसले होते. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "दुपारी शिंगावर विसंबू नका. चार गडी चार बाजूंना लाल फडकं देऊन उभे करा. नाहीतर सुरुंग सकाळी उजाडता उडवा."

आप्पा म्हणाले, "मास्तर, आवाज वर जातोय म्हंता नव्हं? मग देवाच्या कानावर पडंल. मानसांचं त्यो बगून घेईल की!" बसलेली मंडळी हसली. "आन् चार गडी हुबं केलं, तर मग हीर कुणी खांदायची? तुमी आन् ह्ये मराठीचं मास्तर येताय काय पहार घिऊन?"

मीही हसलो. मोठ्यानं नाही, पण हसलो. मास्तरांनी ते पाहिलं असावं.

वैशाखात, शाळेला सुट्टी लागण्याच्या सुमारास, मी एका दुपारी निपाणीहून चालत परतत होतो. मळ्याच्या पश्चिमेचा रस्ता, विहिरीपासून चारेकशे पावलांवरचा. विहीर मधल्या बांधामुळे दिसत नव्हती. पडीक रानात एक बाई शेण गोळा करत होती, गंगव्वा तिचं नाव. माझ्या ओळखीची नव्हती. मी डोक्यावर रुमाल टाकून खाली बघत चाललो होतो. एकदम धप्प असा एक बसका आवाज झाला, पायाखाली माती हलल्यासारखी वाटली, आणि मग आभाळातून दगड पडायला लागले. माझ्या पुढं दोन पडले. एक तिला लागला.

मी धावलो. तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचा श्वास थांबलेला होता.

माणसं जमली, तिचा भाऊ रामा आला. त्यानं मला दोन्ही हातांनी धरून हलवलं. "मास्तर, तुमी हितंच हुतासा न्हवं? शिंग वाजलं का? शिंग वाजलं असतं तर माजी भन आडोशाला गेली नसती व्हय?" आणि मी म्हणालो, "शिंग वाजलं नाही." संध्याकाळी फौजदारालाही तेच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि बाळाप्पाला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या खोलीत आले. बसले नाहीत.

"तुम्हाला ऐकू आलं नाही, एवढंच तुम्हाला माहीत आहे. वाजलं नाही, हे तुम्हाला माहीत नाही. पूर्वेच्या वाडीतल्या लोकांनी ऐकलंय. वारा तिकडं जात होता. चौकशीला मामलेदार चिकोडीहून येतील, तेव्हा दुरुस्त करा."

"करतो," मी म्हणालो. आणि करणार होतो. मला अजून वाटतं की करणार होतो.

त्याच संध्याकाळी आप्पा आले. माझ्या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते. इकडचं तिकडचं बोलले, गंगव्वासाठी हळहळले. मग म्हणाले, "कमिटीपुढं तुमास्नी कायम करायचं आलंय, मास्तर. मी म्हटलं, मानूस सरळ हाय. एकदा बोलला की बोलला. फिरवाफिरवी न्हाय करायचा." माझी बायको तेव्हा पोटुशी होती, बाळंतपणाला माहेरी गेलेली. आप्पांनी तिचीही चौकशी केली. एवढंच. धमकी नाही, काही नाही. चहा घेऊन गेले.

मला त्यांचं सगळं समजलं होतं. शिंग वाजलंच नसेल, तर दोष बाळाप्पाचा. शिंग वाजूनही पोचलं नसेल, आणि ते पोचणार नाही हे आधी कुणी येऊन सांगितलं असेल, तर दोष आप्पांचा.

चौकशी चावडीत झाली. वाडीतली एक म्हातारी पुढं आली. "वाजलं की सायेब! तीनदा वाजलं. माजी म्हस बुजली त्येच्यानं."

"वाडी मळ्यापासून किती लांब?"

"मैलभर आसंल."

"मैलावर ऐकू आलं, आणि चारशे पावलांवर या मास्तरांना नाही?" मामलेदार म्हणाले. आप्पांचा कारकून मागून बोलला, "वाडीतले सगळे बाळाप्पाचे भाऊबंद, साहेब." लोक हसले. म्हातारी गोंधळून पदर सावरत मागे गेली.

मग कानमास्तर उभे राहिले. ते कोटाची सगळी बटणं लावून आले होते. "साहेब, ह्या बाई खोटं बोलत नाहीत आणि हे मास्तरही खोटं बोलत नाहीत. दोघांचे कान खरे आहेत. मधली हवा तेवढी कुणी साक्षीला बोलावली नाही." आणि त्यांनी बैलगाडीपासून सुरुवात केली. चिखल, सडक, वर वळणारा आवाज. मामलेदार आधी कौतुकानं ऐकत होते, मग घड्याळ बघायला लागले.

"सुरुंग तर यांना ऐकू आला. तो का वर गेला नाही?"

"गेला, साहेब. पण शंभर घागरी सांडल्या तर चार थेंब कुठंही पोचतात. वाटीभर सांडलं तर काय पोचणार?"

"आभाळात शिंग वाजलं म्हणायचं!" कुणीतरी म्हणालं, आणि चावडी पुन्हा हसली. रामा हसला नाही. तो दाराला टेकून उभा होता आणि प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. बाळाप्पा दोन शिपायांच्या मध्ये खाली बसला होता. तो माझ्याकडे बघत होता. होळीनंतरच्या त्या दुपारी मी आंब्याखाली होतो. मी त्याला फुंकताना पाहिलं होतं.

मास्तरांनी वही मामलेदारांपुढं ठेवली. "हे माझं म्हणणं नाही. दोन महिन्यांपूर्वी त्याच रानात, त्याच वाऱ्यात पाहिलेलं आहे. लिहिणारे समोर बसले आहेत. विचारा."

मामलेदारांनी वाचलं. माझ्याकडे वळले. "तुमचं अक्षर?"

आप्पा खिडकीपाशी बसून सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज थांबला.

मी म्हणालो, "अक्षर माझं आहे, साहेब. पण ते मास्तरांचं मन राखायला लिहिलं होतं. एक खेळ म्हणून."

"आणि शिंग?"

"शिंग वाजलं नाही."

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मान जराशी तिरकी करून उभे राहिले, गच्चीवर आवाज आला की करत तशी; मग अगदी हळू म्हणाले, "हौदु." वही उचलली आणि चावडीच्या पायऱ्या उतरून गेले.

बाळाप्पाला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. बेळगावच्या तुरुंगातून तो सुटून आला तेव्हा जत्रा तोंडावर आली होती. पालखीपुढं दुसरा माणूस उभा राहिला. ज्याच्या हातून बाईचा जीव गेला त्याचं शिंग देवाला चालत नाही, असं पंचांनी ठरवलं. बाळाप्पा गर्दीत उभं राहून बघत होता म्हणतात. त्यानंतर तो सडकेवर खडी फोडायला जाऊ लागला. येता-जाता मला दिसे. तो वर बघत नसे आणि मी थांबत नसे.

मास्तरांनी जूनमध्ये राजीनामा दिला. कमिटीनं तो मागितला होता. डोक्यावर परिणाम झालेला माणूस मुलांना काय शिकवणार, असं कारण होतं. ते गेले त्या दिवशी मी वर्गात होतो. खिडकीतून त्यांची बैलगाडी दिसली. कोटावर धागा होता की नाही हे मी पाहिलं नाही. मी कायम झालो. पुढं हेडमास्तरही झालो.

नऊ वर्षांनी ते बेळगावजवळच्या वडगावात राहतात असं कळलं. बेळगावला कामासाठी गेलो होतो. दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी गेलो. वडगावात घरोघरी हातमाग. गल्लीत शिरल्यापासून जी खटखट सुरू होते ती संपतच नाही. एका विणकराच्या घरी, मागाच्या खोलीला लागून एक अंधारी खोली, तिच्यात मास्तर. केस पांढरे, पाठ वाकलेली. मला ओळखलं. "या," म्हणाले, निदान ओठांवरून तसं वाटलं.

मी जवळ सरकून ओरडलो, "इथं कसं चालतं तुमचं? या आवाजात?"

"बरं आहे," ते माझ्या कानाशी म्हणाले. "दिवसभर एकच. वाट बघावी लागत नाही कशाची."

खोलीत ना कळक होता, ना उष्णतामापक, ना वही. मी ते विचारलं नाही. मी जे बोलायला आलो होतो ते बोललो, निम्मं मागाच्या आवाजात बुडत होतं, तसंच पुढं बोलत राहिलो. त्यांनी हात वर केला.

"माझ्याकडं कशाला आलात? माझी नोकरी आज ना उद्या जायचीच होती. बाळाप्पाकडं गेलात का?"

मी मानेनं नाही म्हटलं.

"त्या बाईच्या भावाकडं? त्याला नऊ वर्षं वाटतंय की एका आळशी माणसानं बहिणीचा जीव घेतला. खरं काय ते त्याला कळायला नको? आणि गपचूप एखाद्याच्या घरी जाऊन कोपऱ्यात माफी मागू नका. वाऱ्याविरुद्ध हाक मारल्यासारखं होतं ते. आपल्याला वाटतं मारली. चावडीत बोललात, तर चावडीतच बोला."

"बोलतो," मी म्हणालो.

माझ्या 'करतो' आणि 'बोलतो' यांची किंमत त्यांना माहीत होती. त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढं केला.

त्यानंतरही तीन वर्षं गेली. धाकट्या बहिणीचं लग्न, मग शाळेची तपासणी, मग आप्पांचं आजारपण, कारण कधी कमी पडलं नाही. गेल्या पावसाळ्यात त्या विणकराचं कार्ड आलं. मास्तर गेले, चार दिवस ताप होता, त्यांच्या पेटीत तुमचा पत्ता सापडला म्हणून कळवतो. कार्ड खिशात घालून मी दोन तास शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

दुसऱ्या सोमवारी, बाजारच्या दिवशी, मी पाटलांना सांगून चावडीत माणसं बोलावली. रामाला स्वतः जाऊन बोलावलं. बाळाप्पाला खडीच्या ढिगावरून बोलावलं, तो हातातला हातोडा खाली न ठेवता म्हणाला, "आता काय ऱ्हायलंय वो मास्तर?" पण आला. पायरीपाशीच बसला, वर चढला नाही. आप्पा काठी टेकत आले. मी उभा राहिलो तेव्हा तेच आधी बोलले, "मास्तर, झालंगेलं गंगेला मिळालं. हेडमास्तर हायसा तुमी. उगंच कशाला उकरताय?"

मी बोलायला लागलो, पण दोन वाक्यांतच आवाज छातीत गेला. पायरीवरून बाळाप्पा म्हणाला, "वाईच मोठ्यानं, मास्तर. मागच्यास्नी बी जाऊ द्या."

तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "बाळाप्पा, त्या दुपारी तुम्ही तुमचं काम चोख केलं होतं. शिंग वाजलं होतं. ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, आणि का पोचलं नाही हे मला आधीपासून माहीत होतं. वहीत लिहिलं तो खेळ नव्हता. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आप्पांनाही आधी सांगितलेलं होतं, मी तिथं हजर होतो. मामलेदारांपुढं मला माझ्या नोकरीची भीती वाटली, म्हणून मी तुम्हाला तुरुंगात जाऊ दिलं आणि एका शहाण्या माणसाला वेडं ठरवलं. रामा, तुमच्या बहिणीचा जीव बाळाप्पानं घेतला नाही. हे मी तुम्हाला बारा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. माझं चुकलं. मी तुम्हा दोघांची माफी मागतो."